शेव्हेल एसएस की ब्युइक जीएस?

जुनी अमेरिकन गाडी घ्यायची तर यातली कुठली? दोन्ही १९७० च्या, जनरल मोटर्सच्या मध्यम आकाराच्या गाड्या. शेव्हेलच्या एलएस६ इंजिनाची कागदावरची ताकद ४५० अश्वशक्ती. ब्युइक जीएस ४५५ स्टेज १ ची (स्टेज १ म्हणजे जास्त ताकदीचं इंजिन पॅकेज) ३६०, पण टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, ५१० फूट-पौंड. नाव शेव्हेलचं मोठं, सुटे भागही नव्याने बनवलेले सहज मिळतात. खरी गोम ओळखीत आहे. एसएस हे फक्त पर्यायी पॅकेज होतं, चेसिस नंबरात त्याचा मागमूस नाही. म्हणून साध्या मालिबूला (शेव्हेलचंच साधं रूप) बिल्ले लावून 'एसएस' म्हणून खपवणारे बक्कळ! कारखान्याची बिल्ड शीट (गाडी काय काय घालून बनवली त्याची नोंद) नसेल, तर भाव मालिबूचाच लावा. ब्युइकच्या नंबरात जीएस निदान ओळखू येते. स्टेज १ मात्र तपासावंच लागतं. भाग शोधताना दमछाक होईल, तरी मी ब्युइकच घेईन.