50 मीटरचा लेझर मीटर: शेडच्या कामाला लई भारी, फक्त टार्गेट प्लेट सोबत घ्या

आमचं शेड फॅब्रिकेशनचं काम, माप घ्यायचं म्हणजे दोन पोरं टेप धरून उभी करायची आणि तरी मधी झोळ पडतोच, म्हणून शाहूपुरीतल्या एका टूल्सच्या दुकानातनं हा लेझर मीटर घेतला आणि खरंच सांगतो, पैसे वसूल. मागची कड भिंतीला टेकवायची, बटण दाबायचं, समोर लाल टिपका पडला की आकडा आला. अधिक-उणे 2 मिमी असं बॉक्सवर लिहिलंय, बंद शेडमधी टेपशी ताडून बघितलं तर तेवढंच येतंय. माप मागच्या कडेपासनं धरतोय की पुढच्या ते स्क्रीनवर बघून घ्या, नाहीतर मीटरच्या लांबीएवढा फरक पडतो आणि अँगल तोडल्यावर कळून काय उपयोग.

उघड्यावर दुपारच्या उन्हात मात्र टिपका दिसत नाही, काच किंवा काळा रंग समोर असला तर एरर. कारण साधं आहे, हा मीटर स्वतःनं सोडलेलाच उजेड परत आला की त्यावरनं अंतर काढतो, परत आलाच नाही तर तो काय करणार. पांढरी टार्गेट प्लेट लावली की काम होतं.

यावरनं ग्रेस फॉलो-ऑनबद्दल वाचलं आणि वेडच लागलं. 2018 साली सोडलेले नासा आणि जर्मनीचे दोन उपग्रह, एकामागं एक, मधी साधारण 220 किलोमीटर, म्हणजे आपलं कोल्हापूर-पुणे धरा. एवढ्या लांबनं नुसता परतलेला उजेड पुरत नाही, म्हणून पलीकडचा उपग्रह आलेल्या लाटेशी जुळवून स्वतःचा ताजा लेझर परत पाठवतो. हा लेझर पूर्ण अंतर नाही मोजत, अंतरातला फरक मोजतो, तोही नॅनोमीटरमधी, मिलिमीटरचा दहा लाखावा भाग! खाली जमिनीत पाणी कमी झालं की तिथली गुरुत्वाकर्षणाची ओढ कमी होते आणि तेवढ्यानं दोघांतलं अंतर हलतं. पंजाब-हरियाणाचं भूजल किती उपसलं गेलं ते याच्या आधीच्या जोडीनं, मायक्रोवेव्हवर, असंच दाखवलं होतं.

हवेतला कार्बन डायऑक्साइड पण उपग्रहावरनं लेझरनं मोजतात. 1572 नॅनोमीटर तरंगलांबीच्या (म्हणजे लाटेच्या लांबीच्या) आसपासचा उजेड हा गॅस शोषतो, त्याच्या अगदी शेजारचा शोषत नाही, दोन्ही खाली सोडायचे आणि परत किती आला त्याची तुलना करायची. पण उजेड किती हवेतनं गेला हे माहीत पाहिजे, म्हणजे तिथं पण आधी अंतरच. चीननं 2022 मधी असा लेझर उपग्रहावर बसवला. उजेड स्वतःचाच असल्यानं रात्री पण चालतं, सूर्यावर चालणाऱ्या उपग्रहांना ते जमत नाही.

असो, मीटरला पाचपैकी चार. एक कापला कारण टार्गेट प्लेट बॉक्समधी दिली नाही, वेगळी घ्यावी लागली. घेताना दुकानातच स्टीलच्या पट्टीवर ताडून बघा, पक्कं बिल घ्या, आणि साइटवर पोरांना आधीच सांगा की टिपका डोळ्यावर मारायचा नाही.