मिठाची भट्टी, नऊ महिने आणि एक पाचर

भट्टी घेतली तेव्हा हिशेब सरळ होता. कोल्हापुरात उद्यमनगरात माझं छोटं टूलरूम आहे. ओएचएनएसचे (तेलात विझवून कडक होणाऱ्या पोलादाचे) पंच-डाय, म्हणजे पत्रा कापायची-दाबायची हत्यारं, बाहेर हार्डनिंगला (तापवून कडक करायला) टाकले की चार-चार दिवस अडकायचे. म्हणून १२ किलोवॅटची पॉटवाली भट्टी घेतली. पॉटमध्ये मीठ वितळवायचं आणि त्यात जॉब बुडवून तापवायचा; मीठ सोडियम आणि पोटॅशियम क्लोराइडचं. ८०० अंशांच्या मिठात जॉब हवेपासून वाचतो, पृष्ठभाग जळत नाही; मग तो तेलात विझवायचा. पहिला पंच तेलातून काढून धुतला तर ग्राइंडिंगच्या रेघा जशाच्या तशा! त्या दिवशी पैसे फिटले असं वाटलं. (ड्रिल-कटरच्या हायस्पीड स्टीलला ही भट्टी पुरत नाही. त्याला १२०० अंश आणि बेरियम क्लोराइड लागतं.)

मे महिन्यात वळवाच्या पावसात वीज गेली ती रात्रभर आली नाही. सकाळी पॉटमध्ये मिठाचा पांढराशुभ्र दगड. मी नेहमीसारखं ८०० लावून बटण दाबलं. दीड तासाने आकडा ७०० दाखवत होता, पण वरचा थर हलायला तयार नाही. मी वाकून बघायला गेलो, तेवढ्यात माझ्याकडे काम करणाऱ्या तात्यांनी दंड धरून मागं ओढलं. "मालक, वरनं घट्ट हाय, खालनं पाणी झालंय. लांब सरा." ते बोलतायत तोवर थराला तडा गेला आणि वितळलेलं मीठ थेट छपराच्या पत्र्यापर्यंत उडालं. माझ्या चामडी एप्रनला तीन भोकं पडली. तोंडावर शिल्ड नसती तर आज हे लिहिलं नसतं.

हिटर पॉटच्या भोवती असतात, त्यामुळे मीठ कडेने आणि तळाशी आधी वितळतं. साधं मीठ वितळताना सुमारे पाव पटीने फुगतं. वरची खपली घट्ट असेल तर त्याला जायला वाट नाही. यावर इलाज एक लोखंडी पाचर, वर जाड आणि खाली निमुळती. मीठ पातळ असतानाच ती तळापर्यंत उभी सोडायची, गोठल्यावर ठोकून सैल करून उपसायची आणि मगच भट्टी हळूहळू चढवायची. तिच्या जागी तळापर्यंत वाट राहते. पाचर राहून गेली असेल तर आधी वरून बर्नरने थर वितळवायचा. लाखांच्या यंत्राबरोबर शे-दोनशे रुपयांची ही वस्तू देत नाहीत, पुस्तकात तिचा उल्लेखही नाही, याचा राग अजून गेलेला नाही.

जुलैत जॉबची हार्डनेस, म्हणजे कडकपणाचा रॉकवेल आकडा, ६२ वरून ५४ वर आली. विक्रेत्याच्या माणसाने फोनवरच तापमान सांभाळणारा कंट्रोलर बदलायला सांगितलं, १४ हजार. मीही कंट्रोलरलाच शिव्या घालत होतो; ते चुकलं. तात्यांनी कार्बन स्टीलची पातळ पट्टी दहा मिनिटं मिठात धरली, पाण्यात विझवली आणि वाकवली. कडकन मोडायला हवी होती, ती तारेसारखी वळली. म्हणजे मीठच खराब झालं होतं आणि पोलाद ज्याने कडक होतं तो कार्बनच खात होतं. पळीने तळाचा गाळ काढला, निम्मं मीठ नवं घातलं, पट्टी मोडली. आता दर सोमवारी सकाळी पट्टी.

पावसाळ्यात दुसरी धास्ती ओलीची. पाण्याची वाफ झाली की ते सतराशे पटीच्या आसपास फुगतं, मिठाखाली गेलेला एक थेंबही पुरतो. पोत्यातलं मीठसुद्धा ओल धरतं. म्हणून जॉब, हुक, चिमटा आणि नवं मीठ, सगळं आधी ओव्हनमध्ये तापवून घेतो. दोन्ही तोंडं बंद असलेला पाइप मिठात जाता कामा नये. भट्टीजवळ पाण्याची बादली नाही, कोरडी वाळू. टेंपरिंगसाठी (कडक केलेला जॉब कमी तापमानाला पुन्हा तापवण्यासाठी) नायट्रेटचं मीठ स्वस्तात देत होते, नाही घेतलं. चुकून ते या ८००च्या पॉटमध्ये पडलं तर भडका उडेल.

विजेच्या बिलासाठी मध्यंतरी रोज संध्याकाळी बंद करायचो. आता आठवड्याचे जॉब साठवून सलग दोन दिवस चालवतो, रात्री झाकण लावून ७०० वर ठेवतो. बिल उलट कमी आलं, आणि गोठण्याची वेळ आठवड्यातून एकदाच येते.

पाचर घरच्या लेथवर एमएसच्या (साध्या लोखंडाच्या) तुकड्यातून काढली, एक नाही, दोन. वीज गेली की पहिलं काम तेच, म्हणून भट्टीच्या पायालाच साखळीने टांगल्यात. गेल्या महिन्यात पलीकडच्या गल्लीत तशीच भट्टी आली. तात्यांनी न विचारता एक पाचर तिकडे नेऊन दिली.