गिरणा खोऱ्यातील प्रादेशिक नळयोजना : टेलच्या गावातून पाहिलेली

जलशुद्धीकरण केंद्र आणि मैलोगणती जलवाहिनी यांचा खर्च एकट्या ग्रामपंचायतीला पेलत नाही, म्हणून अनेक गावांची मिळून एक प्रादेशिक पाणीपुरवठा योजना आखली जाते. अशी योजना बहुधा महाराष्ट्र जीवन प्राधिकरण बांधते, जिल्हा परिषद किंवा गावांची संयुक्त समिती ती चालवते, आणि गावच्या टाकीपासून पुढचे वितरण व पाणीपट्टीची वसुली ग्रामपंचायतीकडे राहते. आमचे गाव अशाच एका योजनेच्या अगदी टोकाला, म्हणजे टेलला आहे.

पाण्याच्या दर्जाबद्दल तक्रार करायला जागा नाही. बोअरच्या जड पाण्यात तुरीची डाळ शिजता शिजत नसे. आता धरणाचे पाणी तुरटी, गाळण आणि क्लोरीन या टप्प्यांतून येते, आणि पाण्यात क्लोरीन उरले आहे का हे पाहणारी ओटी चाचणीही गावात होते.

प्रश्न वाटणीचा आहे. जलजीवन मिशनने दरडोई दररोज 55 लिटरचे प्रमाण धरले आहे, म्हणजे पाच माणसांच्या घराला दिवसाला 275 लिटर पाणी हवे; परंतु उन्हाळ्यात पाण्याची पाळी आठवड्यावर गेली की हेच प्रमाण गाठण्यासाठी त्या घराला एका वेळी सुमारे 2,000 लिटर साठवावे लागते. ज्याच्या गच्चीवर टाकी आहे त्याला ते जमते. ज्याच्याकडे दोन टिपे आणि चार हंडे आहेत, त्याच्या वाट्याचे पाणी नळाला येऊनही त्याला मिळत नाही, आणि पाणीपट्टी मात्र दोघांना सारखीच असते. त्यातच आरोग्य कर्मचारी डासांसाठी आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळून भांडी रिकामी करायला सांगतात. सल्ला योग्यच आहे, पण पाळी लांबली असताना भरलेला हंडा ओतून देण्याची कोणाची छाती होणार?

वरच्या गावांनी व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडा ठेवला तर खाली दाब उरत नाही, आणि कोणी किती घेतले याची नोंद नसल्याने भांडण केवळ संशयावर चालते. वीजबिल सामाईक असल्याने काही गावांची थकबाकी साचून पंपांची वीज तुटली, तर नियमित भरणाऱ्या गावांचेही नळ कोरडे पडतात. प्रत्येक गावाच्या तोंडाशी मीटर बसवून त्याच्या आकड्यावर गावनिहाय बिल काढले, तर निदान कोणामुळे काय अडले ते चारचौघांत सांगता येईल. ही सुधारणा नव्या टाक्यांच्या उद्‌घाटनांपेक्षा स्वस्त आहे. कदाचित म्हणूनच तिची आठवण कोणाला होत नसावी.

आमचे पाणी सोडणारे भाऊ आदल्या रात्री गावच्या व्हॉट्सॲप गटावर वेळ कळवतात. या सेवेतली सर्वांत भरवशाची गोष्ट तीच आहे.

एवढे असूनही बोअरकडे परतावे असे मी म्हणणार नाही. टेलच्या गावात नवा नळजोड घेणाऱ्याने अनामत रकमेसोबत झाकणाच्या टाकीचाही खर्च धरावा, आणि टाकी 2,000 लिटरपेक्षा लहान घेऊ नये.