जुन्या व्हॅक्यूम क्लीनरची मोटर बदलताना झालेली फसवणूक

माझे वडील व्यापारी जहाजावर नोकरीला असताना त्यांनी लंडनहून आणलेला, धातूच्या आडव्या नळकांड्याचा आणि खाली घसरपट्ट्या असलेला इलेक्ट्रोलक्स व्हॅक्यूम क्लीनर आमच्या गिरगावातील घरात अनेक दशके चालला. गेल्या वर्षी तो अडखळू लागला आणि आतून ठिणग्या दिसू लागल्या, म्हणून मी तो ग्रँट रोडच्या बाजूच्या एका दुरुस्तीच्या दुकानात नेला. तेथे जे घडले ते जुनी यंत्रे जपणाऱ्या प्रत्येकाला कळावे, यासाठी हे सविस्तर लिहीत आहे.

दुकानदाराने माझ्यासमोर यंत्र उघडले आणि क्षणभर पाहून सांगितले, "साहेब, आर्मेचर जळलंय. हे आता भरून मिळणार नाही. बाराशे वॉटची नवी मोटर टाकतो, दुप्पट ओढेल." आर्मेचर म्हणजे मोटरच्या आतला तारांचे वेढे असलेला फिरणारा भाग; तो भरणे म्हणजे ते वेढे नव्याने गुंडाळणे. यंत्रावरच्या मूळ माहितीपट्टीवर बाराशेच्या निम्म्याहूनही कमी वॉट लिहिलेले असल्याने मला ते पटले. चार हजार आठशे रुपये रोख दिले आणि हाती आली ती केवळ एक कच्ची चिठ्ठी. जुनी मोटर मागितली, तेव्हा ती भंगारात गेल्याचे उत्तर मिळाले.

येथे माझी मोठी चूक झाली. वॉट म्हणजे मोटर किती वीज घेते याचे माप आहे, ती हवा किती जोराने ओढते याचे नव्हे. ओढ ठरते ती पंख्यांची रचना, फेऱ्यांचा वेग आणि हवा कोठेही न गळता पुढे जाते की नाही यांवरून. माझ्या मूळ मोटरला एकामागे एक असे दोन पंखे होते, म्हणून कमी विजेत ती सतरंजीतली बारीक रेतीसुद्धा उचलत असे. नव्या मोटरला पंखा एकच होता. आवाज मात्र दुप्पट झाला आणि पंधरा मिनिटांत नळकांडे हात लावता येणार नाही इतके तापू लागले.

दादरला राहणाऱ्या माझ्या एका मित्राकडे याच बनावटीचे यंत्र मूळ मोटरसह आहे. आम्ही दोन्ही यंत्रे एकत्र तपासली. गवंडी पातळी पाहण्यासाठी वापरतात ती पारदर्शक नळी इंग्रजी यू अक्षरासारखी जिन्याच्या कठड्याला बांधली, तिच्यात रंगीत पाणी भरले आणि तिचे एक टोक व्हॅक्यूमच्या बंद केलेल्या तोंडाशी हवाबंद जोडले. मित्राच्या यंत्राने दोन बाजूंच्या पाण्यात 1350 मिलिमीटरचा फरक दाखवला, माझ्या यंत्राने 870. हा फरक जितका जास्त, तितकी ओढ अधिक. नंतर यंत्राचे तोंड मोकळे ठेवून, तारेभोवती अडकवायच्या क्लॅम्प मीटरने करंट मोजला. 230 व्होल्टवर बाराशे वॉटची मोटर सुमारे 5.2 अँपिअर घेते, माझी 2.7 अँपिअर घेत होती. म्हणजे लेबलावरचे वॉटसुद्धा खोटे होते. ही मोजणी तोंड मोकळे ठेवूनच करावी, कारण तोंड बंद केले की हवेचा भार कमी होऊन मोटर अधिक वेगाने फिरते आणि करंट उतरतो.

मित्राच्या ओळखीचे, आयुष्यभर मोटरी भरण्याचे काम केलेले एक काका आहेत. त्यांनी यंत्र उघडले. नव्या मोटरचा व्यास कमी होता आणि मूळ रबरी गॅस्केटऐवजी उरलेल्या फटीत स्पंजचे तुकडे कोंबलेले होते. त्या फटींतून मागची गरम हवा पुन्हा पुढे येत होती. ओढ कमी होण्याचे आणि यंत्र तापण्याचे मुख्य कारण तेच. काकांनी वाइंडिंगच्या, म्हणजे मोटरमधल्या वेढ्यांच्या, तारेचे टोक ब्लेडने हळूच खरवडले. तांबूस रंगाच्या आवरणाखाली पांढरी चकाकी दिसली. तार ॲल्युमिनियमची होती, तीच तांब्याची म्हणून मला विकली होती.

दुकानदाराने यंत्र उघडले तेव्हा मी मोबाइलवर काढलेला मूळ मोटरचा फोटो काकांना दाखवला. त्यांनी तो मोठा करून बराच वेळ पाहिला. कॉम्युटेटर, म्हणजे आर्मेचरच्या टोकाशी असलेला तांब्याच्या पट्ट्यांचा गोल भाग, एकसारखा तपकिरी होता, वाइंडिंगवर कोठेही काळेपणा नव्हता. फक्त एका बाजूचा कार्बन, म्हणजे कॉम्युटेटरला घासत वीज पोहोचवणारा तुकडा, झिजून स्प्रिंगपर्यंत आला होता. "याला काही झालं नव्हतं हो," ते म्हणाले, "दोन कार्बन घासून बसवले असते तर चालली असती." दीड-दोनशे रुपयांचे काम होते ते.

म्हणून आर्मेचर जळले असे कोणी सांगितले, तर आधी कार्बनची लांबी पाहा आणि कॉम्युटेटरच्या शेजारशेजारच्या पट्ट्यांमधील रोध मल्टीमीटरने मोजून घ्या. चांगल्या आर्मेचरमध्ये तो सर्वत्र जवळपास सारखा येतो. जुनी मोटर परत मिळणार असेल तरच यंत्र दुकानात सोडा आणि पक्के बिल घ्या. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मी तक्रार नोंदवली आहे, परंतु त्या कच्च्या चिठ्ठीवर दुकानाचे नावसुद्धा नाही.

पैशांपेक्षा त्या मोटरची हळहळ अधिक आहे. वडिलांनी तिचे बेअरिंग स्वतः बदलले होते आणि पंख्याच्या आवरणावर खिळ्याने 'मार्च 1974' असे कोरले होते. चोर बाजारात किंवा अन्य कोठे ही खूण असलेली मोटर कोणाच्या हाती आली, तर ती मागाल त्या किमतीला परत घेण्याची माझी तयारी आहे.