अबार्थ पुंटो की पोलो जीटी? खान्देशात घ्यायची तर कोणती

खान्देशात खिशाला झेपेल अशी 'स्पोर्ट्स कार' शोधायला गेलं की हाती लागते ती जुनी, ताकदवान हॅचबॅक. दोन दारांची बसकी गाडी आणून करायचं काय? गावागावातल्या गतिरोधकांवर तिचं पोट आधी घासणार आणि बिल मागून येणार. म्हणून गाडी चालवण्याची खरी हौस असणाऱ्यांचं बोलणं फिरून फिरून दोन नावांवर येतं: फियाटची अबार्थ पुंटो आणि फोक्सवॅगनची पोलो जीटी टीएसआय. दोन्ही पुणे जिल्ह्यातल्याच, एक रांजणगावची आणि दुसरी चाकणची. नवीन आता कुठलीच मिळत नाही. पुंटो 2019 च्या सुमारास बंद पडली, पोलोनं 2022 मध्ये निरोप घेतला.

सोय, सुरक्षा, विकताना मिळणारा भाव, या सगळ्यात पोलो उजवी. तरीही ज्यांना स्टिअरिंग हातात घेण्यातच आनंद आहे, ते बहुधा अबार्थकडेच वळतात.

आकड्यांपासून सुरुवात करू, कारण फसगत तिथेच होते. ऑक्टोबर 2015 मध्ये आलेल्या अबार्थमध्ये 1.4 लिटरचं टी-जेट टर्बो इंजिन आहे. ताकद 145 बीएचपी, टॉर्क 2000 ते 4000 आरपीएमदरम्यान 212 न्यूटन मीटर, आणि पाच गिअरचा मॅन्युअल बॉक्स. 2013 ची पोलो जीटी टीएसआय 1.2 लिटर, 105 पीएस, 175 न्यूटन मीटर, सात गिअरचा डीएसजी, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक बॉक्स. चाळीसएक घोड्यांचा फरक असूनही शून्य ते शंभरचे कंपनीचे दावे आहेत 8.8 आणि 9.7 सेकंद, म्हणजे एक सेकंदाचीही तफावत नाही. कारण सोपं आहे. डीएसजी पुढचा गिअर आधीच तयार ठेवतो, त्यामुळे गिअर बदलताना ओढ तुटत नाही. अबार्थमध्ये पहिल्या गिअरला पुढची चाकं जागेवर फिरतात आणि पुढे लांब लिव्हर ओढून गिअर टाकण्यात वेळ जातो. सिग्नलवरून उडी मारण्यापुरतीच गाडी हवी असेल, तर जास्तीच्या ताकदीचे पैसे मोजू नका.

खरा फरक कळतो चाळीसगावहून कन्नड घाट चढताना. 2023 पासून तिथं जड वाहनांना बंदी आहे, त्यामुळे गाडी काय सांगते ते तरी ऐकू येतं. अबार्थचं स्टिअरिंग जुन्या पद्धतीचं, हायड्रॉलिक आहे. पार्किंगमध्ये जड लागतं, पण वळणात पुढच्या टायरखाली खडी आली की तळहाताला लगेच समजतं. पोलोचं स्टिअरिंग हलकं आणि नेमकं आहे, फक्त ते बोलत नाही. दुसरी गोष्ट ताकद येण्याची. पोलोत 1500 आरपीएमपासून सपाट ओढ मिळते, पाय ठेवला की गाडी चालली. अबार्थमध्ये दोन हजारच्या खाली जवळजवळ काहीच होत नाही, आणि मग टर्बो भरला की एकदम धक्का. तीव्र वळणात तिसरा गिअर ठेवलात तर गाडी गुदमरते. वळणाआधीच दुसरा टाकायचा, आरपीएम अडीच हजारावर ठेवायचा आणि चाकं सरळ होऊ लागल्यावरच ॲक्सिलरेटर दाबायचा. आधी दाबला तर स्टिअरिंग हातातून ओढलं जातं. हे सगळं आपण करावं लागतं, आणि शौकिनांना नेमकं तेच हवं असतं. पोलोत डी वर ठेवलं तर बॉक्स पेट्रोल वाचवायला वरचे गिअर टाकत राहतो. घाटात एस (स्पोर्ट) वर घ्या किंवा लिव्हर बाजूला सरकवून स्वतः दुसरा-तिसरा करा, गाडी बरीच जागी होते.

उतरताना मात्र डोकं थंड हवं. अबार्थला चारही चाकांना डिस्क ब्रेक आहेत, पोलोला मागे ड्रम. पण ईएसपी, म्हणजे गाडी घसरू लागली की आपोआप सावरणारी यंत्रणा, पोलोतच आहे, अबार्थमध्ये नाही. ओल्या रस्त्यावर, समोर अचानक कापसाची ट्रॉली आणि स्टिअरिंगला झटका, अशा प्रसंगी पोलो चूक सांभाळून घेते. अबार्थ ती तुमच्या नावावर लावते.

आता ऊन. मे महिन्यात भुसावळ-जळगावला पारा 45 च्या आसपास खेळतो, आणि खान्देशातला सौदा तिथेच पालटतो. 1.2 पोलोतला सात गिअरचा डीएसजी कोरड्या क्लचचा आहे. क्लच तेलात बुडालेले नसल्यानं उष्णता बाहेर काढायला हवेशिवाय कोणी नाही. त्यात दोन क्लच: एकाकडे 1-3-5-7, दुसऱ्याकडे 2-4-6 आणि रिव्हर्स. जळगावच्या अजिंठा चौफुलीला दुपारी गाडी इंचइंच सरकते तेव्हा हा बॉक्स अर्धा क्लच धरून चालतो आणि तापत जातो. मग पहिल्या-दुसऱ्या गिअरला थरथर, पुढे गिअरची अक्षरं लुकलुकणं, आणि शेवटी मेकॅट्रॉनिक, म्हणजे क्लच आणि गिअर हलवणारं युनिट, गेलं की रिव्हर्स आणि सम गिअर एकदम गायब. हे युनिट बदलायचं बिल लाखाच्या पुढं जाऊ शकतं. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला.

यावर वापरातला उपाय आहे. गर्दीत पुढच्या गाडीला चिकटून सरकायचं नाही. ब्रेक पूर्ण दाबून थांबायचं म्हणजे क्लच सुटतो. गाडीभर जागा झाली की मगच पुढे जायचं. चढावर ॲक्सिलरेटरवर गाडी तोलून धरणं ही तर क्लच जाळायची हमखास रीत. चढावर गाडी मागे जाऊ न देणारा हिल होल्ड आहे, तो वापरा. अबार्थच्या मॅन्युअलला हे दुखणं नाही. तिचा क्लच झिजतो, पण आधी सांगून झिजतो.

पोलोच हवी पण ही धास्ती नको, अशांनी 2020 ते 2022 मधली 1.0 टीएसआय पाहावी. तीन सिलिंडर, 110 पीएस, 175 न्यूटन मीटर. सहा गिअरचा मॅन्युअल मिळतो, आणि याच काळातल्या जीटीमध्ये सहा गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर ऑटोमॅटिक. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये ताकद तेलातून जाते, सुरुवातीला घासायला क्लच नसतो, म्हणून गर्दी आणि ऊन दोन्ही तो बरा सोसतो. डीएसजीची चपळाई जाते, हे मान्य. पण खान्देशात रोज चालवायला डीएसजी, मॅन्युअल आणि टॉर्क कन्व्हर्टर या तीनही पोलोंमध्ये ही शेवटची सर्वात शहाणी निवड.

अबार्थचं दुखणं गिअरबॉक्समध्ये नाही, पोटाखाली आहे. ग्राउंड क्लिअरन्स 155 मिलिमीटर, म्हणजे पोलोहून साधारण एक सेंटीमीटर कमी. ऐकायला किरकोळ वाटतं. पण चौघे बसले, डिकीत बॅगा टाकल्या की मागची बाजू आणखी दबते, आणि गावातला हाताने घातलेला डांबरी गतिरोधक कुठल्याही मापाचा नसतो. तो तिरपा ओलांडा, एका वेळी एकच चाक चढू द्या. खाली जोरात लागलं तर तसंच पुढे जाऊ नका. उतरून इंजिनखाली पाहा. ऑइल चेंबरला चीर गेली असेल तर काही किलोमीटरांत तेल रिकामं होतं, आणि लाल दिवा दिसल्यावरही गाडी दामटली तर इंजिन जातं. आपल्या काळ्या मातीवरचे रस्ते पावसात फुगतात, उन्हाळ्यात आकसतात, म्हणून लाटांसारखे झालेले असतात. सावकाश जाताना अबार्थचं कडक सस्पेन्शन प्रत्येक खड्डा पाठीला सांगतं, पण ऐंशीच्या पुढे तीच गाडी रस्त्याला अशी चिकटते की पोलो तिच्यापुढे जराशी उडती वाटावी. तोरणमाळच्या घाटात, अरुंद आणि उखडलेल्या ठिकाणी, पोलो कमी छळते.

अबार्थच्या 195/55 आर 16 टायरची भिंत 107 मिलिमीटरची असते. तेवढ्या रबरात मोठा खड्डा मावत नाही आणि मार थेट रिमला बसतो. नंतरच्या जीटीलाही हेच माप आहे, सुरुवातीच्या जीटीला 185/60 आर 15. अबार्थचं मूळ रिम वाकलं तर तसंच दुसरं मिळवायला बराच शोध घ्यावा लागतो.

इंजिनांच्या आतला एक फरक जाहिरातीत कधी दिसला नाही. टीएसआयमध्ये पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं, त्यामुळे इनटेक व्हॉल्व्ह पेट्रोलनं धुतले जात नाहीत आणि त्यांच्यावर काजळी साचत जाते. लाख किलोमीटरच्या आसपास गाडी थंड असताना अडखळू लागली, आयडलिंग डगमगू लागलं, तर प्लग आणि कॉइलसोबत याचाही विचार करा. टी-जेटमध्ये पेट्रोल व्हॉल्व्हच्या मागे फवारलं जातं, म्हणून तो त्रास नाही. त्याला दुसरी काळजी आहे, टायमिंग बेल्टची. तो रबराचा आहे. किलोमीटर कमी असले तरी वर्षं मोजा. 2016 ची गाडी आणि बेल्ट बदलल्याचं बिल नाही, तर तो बदलायचाच आहे असं धरून भाव करा. बेल्ट, टेन्शनर आणि वॉटर पंप एकत्रच बदलायचे, कारण पंप त्याच पट्ट्यावर फिरतो. पट्टा चालत्या गाडीत तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि हेड उघडावं लागतं. टी-जेटमध्ये तेलही तीन लिटरच्या आसपासच बसतं. इतक्या थोड्या तेलावर टर्बो आणि आपली धूळ, म्हणून 5डब्ल्यू-40 सिंथेटिक दर साडेसात हजार किलोमीटरांना बदललेलं बरं.

दोन्हींना लागू असलेली एक गोष्ट: रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी. टाकीतला कूलंट गुलाबी-लालसर न दिसता पाण्यासारखा किंवा गंजका दिसला, तर कोणीतरी वाटेत बाटली ओतली आहे. आपल्याकडच्या जड पाण्याचे क्षार थर्मोस्टॅट आणि पंपाजवळ साचतात आणि पुढच्या उन्हाळ्यात सुई वर चढते. तेव्हा ही खूण दिसली की कूलिंग सिस्टिम धुवून घेण्याचा खर्च भावातून वजा करा.

सुटे भाग हा खरा तिढा. फोक्सवॅगन अजून देशात आहे आणि पोलोच्या खाली त्यांच्याच व्हेंटो सेडानचे बरेच भाग आहेत. फियाटची विक्री बंद झाली असली तरी अबार्थचं सगळंच अडत नाही. बंपर, काचा, दारं, सस्पेन्शनचे काही भाग साध्या पुंटोचे. इंजिनचे बरेच भाग फियाटच्याच लिनिआ टी-जेट आणि ॲव्हेंचुरा अबार्थशी जुळतात. अडतं ते खास अबार्थच्या भागांवर: रिम, स्प्रिंगा. गाडी घेतल्या घेतल्या एक बेल्ट किट, क्लच प्लेट, चारही चाकांचे पॅड आणि एक जोडी लिंक रॉड घरात आणून ठेवा. हे साहित्य पुणे-मुंबईहून यायला आठवडा लागला, तर गाडी आठवडाभर मेकॅनिकच्या अंगणातच उभी राहणार.

गाडी पाहायला जाताना मालकाला सांगा की इंजिन आधी सुरू करून ठेवू नका. बॉनेटला हात लावून थंड असल्याची खात्री करा. डीएसजी पोलोत एसी लावून, ॲक्सिलरेटरला पाय न लावता थोड्या चढावर गाडी सरकू द्या. थरथर कोरड्या क्लचची असते. रिव्हर्स आणि डी सहा-सात वेळा आलटून पालटून टाका. मग तासभर गावातून फिरवून, बॉक्स तापल्यावर, हेच सगळं पुन्हा करा, कारण दोष बहुतेकदा दुसऱ्या फेरीतच दिसतो. स्कॅनर लावून इंजिनाइतकेच गिअरबॉक्सचे बिघाडाचे कोड वाचायला सांगा. कोड नुकतेच पुसलेले असतील, तर मालकाला उत्तर देता यायला हवं.

अबार्थमध्ये सुरू करताना मागून निळसर धूर येतो का पाहा. टर्बोची सील गेली असेल तर तो ॲक्सिलरेटर सोडून पुन्हा दाबल्यावरही दिसतो. मग मोकळ्या रस्त्यावर चौथ्या गिअरला दोन हजारावरून पूर्ण दाबा. आरपीएम पळतोय आणि वेग तेवढा वाढत नाही, तर क्लच घसरतोय. शिट्टीसारखा आवाज आणि ओढ कमी, तर टर्बोचा रबरी पाइप फाटलेला असू शकतो, तो स्वस्तात होतो. दुसरा गिअर टाकताना करकर होत असेल तर ते स्वस्तात होत नाही.

घरात एकच गाडी असेल, आई-वडील मागे बसणार असतील, तर अबार्थ घेऊ नका, कितीही मन ओढलं तरी. तिथं 1.0 पोलो. मागे पाय ठेवायला तिच्यातही जागा कमीच, हे आधी बसवून पाहा. डिझेल चालत असेल तर पाच गिअरची जीटी टीडीआयही आहे, 105 पीएस आणि 250 न्यूटन मीटर. धुळे-शिरपूर पट्ट्यात लांब पल्ला मारणाऱ्यांना तीच पुरेशी मजा देते. नवीन गाडी आणि वॉरंटीच हवी असेल तर ह्युंदाईची आय20 एन लाइन, 120 पीएस, 2023 पासून सहा गिअरच्या मॅन्युअलसह. पण रोजच्याला दुसरी गाडी घरात आहे, मेकॅनिक ओळखीचा आहे आणि रविवारी पहाटे घाट गाठायचा आहे, तर अबार्थला पर्याय नाही.

दिल्लीची स्वस्त अबार्थ दिसली तर एनओसी, महाराष्ट्राचा रोड टॅक्स आणि एमएच-19 (जळगाव) किंवा एमएच-18 (धुळे) चा नवीन नंबर हे सगळं धरून बेरीज करा. टायरवरचा चार आकडी शिक्का वाचा: 2319 म्हणजे 2019 चा तेविसावा आठवडा, इतका जुना टायर आपल्या उन्हात जोरात पळवायचा नसतो. आणि टोकन देण्याआधी दुसरी किल्ली मागा. ती नसेल तर नवी बनवून कोड करून घेण्याचा खर्च विकणाऱ्याकडे.