खासगी प्रेसिंगच्या स्टुडंट बँड एलपी: आठ महिने वाजवल्यानंतर

साठच्या दशकात अमेरिकेतल्या शाळा-कॉलेजांच्या बँडनी पदरच्या पैशाने काढलेल्या एलपी, त्यावर बहुतेक दुसऱ्यांची गाजलेली गाणी, प्रती शे-पाचशे. या रेकॉर्डींबद्दल एक समज पक्का झालाय की आवाज खराबच असायचा. सात मूळ आणि चार नव्याने काढलेल्या अशा अकरा रेकॉर्डी आठ महिने आलटून पालटून ऐकल्यावर ठामपणे सांगतो, हा समज चुकीचा आहे. रेकॉर्डिंग साधं असतं, पण नीट असतं. बिघाड होतो तो पुढे, आधीच्या मालकाच्या जड सुईने. उरलासुरला आपण चुकीची सुई लावून करतो.

सगळ्यात परिचित उदाहरण द रायझिंग स्टॉर्म या बँडच्या ‘काल्म बिफोर...’चं. मॅसॅच्युसेट्समधल्या अँडोव्हरच्या फिलिप्स अकॅडमीतली मुलं, साल १९६७, फ्रेमिंगहॅममधला स्टुडिओ, स्वतःचंच रेम्नंट हे लेबल आणि फक्त ५०० प्रती. द रिमेन्स या बँडचं एक गाणं, विल्सन पिकेटचं ‘इन द मिडनाइट अवर’, आणि मध्येच ‘फ्रोझन लाफ्टर’सारखं स्वतःचं. लव्ह या बँडचं ‘मेसेज टू प्रिटी’ ही मुलं इतक्या हळुवारपणे गातात की मूळ गाणं बाजूला राहतं. कव्हर बँड, म्हणजे दुसऱ्यांची गाणी वाजवणारा, म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी हे एक गाणं ऐकावं. बाजारात मात्र स्वतःच्या गाण्यांना जास्त भाव. इलिनॉयच्या द बाख्सची १९६८ची ‘आउट ऑफ द बाख्स’ सगळी स्वतःच्या गाण्यांची, प्रती दीडशेच्या आसपास, आणि किंमत बहुतेकांच्या आवाक्याबाहेरची. आपल्याकडे याच्या जवळ जाणाऱ्या म्हणजे १९७० आणि १९७१च्या सिमला बीट या बँड स्पर्धेच्या एलपी, पण त्यांच्यामागे सिगारेट कंपनी होती.

साल ओळखायला लेबलवर विसंबू नका, बऱ्याच लेबलांवर ते नसतंच. शेवटच्या गाण्यानंतरच्या कोऱ्या पट्ट्यात खरवडलेला किंवा ठोकलेला नंबर बघा. टॉर्च आडवा धरला की दिसतो. आरसीए या रेकॉर्ड कंपनीच्या, बाहेरच्यांच्या रेकॉर्डी काढून देणाऱ्या कस्टम विभागात दाबलेली असेल तर पहिलं अक्षर साल सांगतं: आर म्हणजे १९६४, एस १९६५, टी १९६६, यू १९६७, डब्ल्यू १९६८. कोलंबिया या दुसऱ्या कंपनीकडून दाबून घेतलेल्या मोनो (डाव्या-उजव्याला एकच आवाज असलेल्या) एलपीवर एक्सटीव्हीने सुरू होणारा नंबर सापडतो. विक्रेता १९६५ म्हणतोय आणि नंबर यू-ने सुरू होतोय, तर तिथेच थांबून विचारा.

आता वाजवण्याचं. त्या काळातल्या घरगुती प्लेअरच्या सिरॅमिक कार्ट्रिजची (सुई बसवलेल्या, आवाज उचलणाऱ्या भागाची) सुई पाच-सहा ग्रॅम वजनाने खाचेवरून जायची. आजचं चांगलं कार्ट्रिज दोन ग्रॅमच्या आत चालतं. पाच-सहा ग्रॅमच्या वजनाने खाचेच्या भिंती घासल्या जातात, त्याही दोन्ही सारख्या नाही, कारण साध्या टोनआर्मला, म्हणजे सुई धरणाऱ्या दांड्याला, आत ओढणारा जोर सावरायची सोय नव्हती. म्हणून मोनो रेकॉर्ड असली तरी स्टिरिओ कार्ट्रिजने वाजवून डावं-उजवं वेगवेगळं ऐका. सातपैकी तीन प्रतींत एका बाजूला गायकाचा ‘स’ फाटत होता आणि दुसऱ्या बाजूला जवळजवळ स्वच्छ होता. कॉम्प्युटरवर उतरवताना चांगली बाजू तेवढी ठेवायची. दोन्ही सारख्या असतील तर मात्र एकत्र करा, खाचेतली खरखर बरीच कमी होते. मोनो कार्ट्रिज हे एकत्रीकरण आपोआप करतं, पण निवड करू देत नाही. नुसतं ऐकायला ते उत्तम. उतरवून ठेवायचं असेल तर स्टिरिओ कार्ट्रिज आणि मोनोचं बटण असलेला अँप घ्या.

सुईच्या आकारानेही मोठा फरक पडतो. गोल टोकाची सुई बरोबर त्याच जागी टेकते जिथे जुनी सुई घासून गेलीय. अरुंद टोकाची, लाइन कॉन्टॅक्ट प्रकारची सुई थोडी खाली, न झिजलेल्या भागात बसते. दोन प्रतींत ऑर्गन असा उघडून आला की रेकॉर्ड बदलली असं वाटावं. एका प्रतीत उलट झालं: तळाशी बसलेली घाण ऐकू यायला लागली. ती आधी धुवायला हवी होती.

धुण्याचं मिश्रण: डिस्टिल्ड वॉटर ७५० मिली, आयसोप्रोपिल अल्कोहोल २५० मिली, आणि फोटो धुताना वापरतात त्या वेटिंग एजंटचे (पाणी नीट पसरवणाऱ्या द्रवाचे) दोन-तीन थेंब. याहून जास्त घातलं तर खाचेत साबणाचा थर बसतो आणि सुईच्या टोकाला पांढरा गोळा जमतो. आरओचं पाणी चालत नाही, त्यात क्षार उरतात. मऊ ब्रशने खाचेच्या दिशेने तीन-चार फेरे मारा, मग नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने पुन्हा धुवा. हा दुसरा धुवा टाळलेल्या रेकॉर्डी आठवड्याभरात परत कुरकुरायला लागल्या.

धुवून न जाणारा दोष म्हणजे भोक मध्यभागी नसणं, आणि छोट्या ऑर्डरच्या प्रेसिंगमध्ये तो सर्रास भेटतो. अर्धा मिलिमीटर जरी सरकलं असेल तरी आतल्या खाचांवर सूर दर १.८ सेकंदाला पाऊण टक्क्याहून जास्त वर-खाली होतो. गिटारच्या झणकाऱ्यात ते लपतं, ऑर्गनच्या लांब सुरात लपत नाही. टोनआर्म बाजूने बघा, डोलताना दिसेल. भोक कानशीने मोठं करायचा सल्ला मिळेल. मूळ प्रतीवर ते करू नका.

कव्हरची काळजी आपल्या हवेत वेगळी घ्यावी लागते. पुठ्ठ्यावर चिकटवलेल्या कागदाचा गोंद कसरीला आवडतो, आणि कोकण-मुंबईच्या पावसाळ्यात त्यावरच बुरशी धरते. मऊ पीव्हीसीची पिशवी अजिबात नको. तिच्यातलं प्लास्टिसायझर उन्हाळ्यात रेकॉर्डवर उतरून धुरकट डाग पाडतं, आणि तो डाग ऐकू येतो. पॉलिप्रॉपिलीनची पिशवी घ्या, तोंड उघडं ठेवा, आणि रेकॉर्ड कव्हरच्या आत न ठेवता मागे ठेवा, म्हणजे कडा उसवत नाहीत.

खरेदी करताना ‘व्हीजी प्लस’ (व्हेरी गुड प्लस, प्रतीच्या अवस्थेची ग्रेड) हा शेरा वाचून पैसे देऊ नका. एका विक्रेत्याची अशी प्रत चकचकीत आली आणि पहिल्या गाण्यापासून फाटत वाजली, कारण शेरा डोळ्यांनी दिलेला होता. बाजूच्या शेवटच्या गाण्याची मिनिटभराची क्लिप मागा. तिथे खाच सर्वात हळू सरकते, म्हणून झीज तिथे आधी कळते. क्लिप द्यायला तयार नसेल तर सोडून द्या.

आणि मागच्या कव्हरवर बॉलपेनने सह्या, वर्गाचं साल, कुणाचं नाव असेल तर ग्रेड उतरते, पण या रेकॉर्डींत ती प्रत त्याच शाळेतून आल्याची ती खूण असते. वरचं मिश्रण तिथे लागू देऊ नका. अल्कोहोलने बॉलपेनची शाई लगेच पसरते.