डिस्कससाठी वेगळी टाकी: जळगावात एक हिवाळा आणि एक उन्हाळा वापरल्यानंतर

डिस्कस हा शोभेचा मासा पाळणाऱ्या प्रत्येकाकडे औषधांचा एक डबा असतो. माझ्याकडेही आहे, पण तो क्वचितच उघडावा लागतो. याचं श्रेय मी सरळ त्या रिकाम्या दिसणाऱ्या दुसऱ्या टाकीला देतो. नवीन मासा थेट मोठ्या टाकीत न सोडता चार ते सहा आठवडे ज्यात ठेवतात, ती टाकी. ती घरी आली तेव्हा शेजारचे काका म्हणाले, "एवढ्या पैशात बकरी आली असती, भाऊ."

टाकी दोन फूट लांब, सव्वा फूट रुंद, सव्वा फूट उंच. वाळू नाही, झाड नाही. स्पंज फिल्टर, 100 वॅटचा हिटर, वेगळा थर्मामीटर आणि मागे चिकटवलेला निळा कागद, एवढंच. तळ उघडा असल्यामुळे विष्ठा स्पष्ट दिसते, आणि डिस्कसचं अर्धं निदान तिथेच होतं. गडद आणि भरीव असेल तर काळजी नाही. पांढरी, चिकट, दोऱ्यासारखी लोंबत असेल तर हेक्सामिटाचा, म्हणजे आतड्यातल्या सूक्ष्म परजीवीचा संशय घ्यायचा. संशयच, कारण बरेच दिवस उपाशी असलेल्या माशाचीही विष्ठा पांढरी पडते. सोबत अंग काळवंडणं, कोपऱ्यात तोंड खुपसून उभं राहणं, अन्न तोंडात घेऊन थुंकणं हेही असेल, तरच मी मेट्रोनिडाझोलकडे, म्हणजे या परजीवीवरच्या औषधाकडे वळतो.

डोस साधारण 40 लिटरला 250 मिलिग्रॅम धरतात. मेडिकलमध्ये 200 आणि 400च्या गोळ्या येतात, त्यामुळे टाकीत 60 ते 65 लिटरच पाणी ठेवलं की 400ची एक गोळी हिशोबात बसते. गोळी बारीक कुटून कोमट पाण्यात नीट घोळवायची, फिल्टरमध्ये कार्बन असेल तर काढायचा (तो औषध शोषून घेतो), पाणी बदललं की तेवढ्या पाण्याचं औषध पुन्हा घालायचं. मासा खात असेल तर औषध खाण्यातून दिलेलं जास्त चांगलं, कारण दुखणं आतड्यात आहे. मोठ्या टाकीत हाच उपचार केला तर गोळ्या कितीतरी पट लागतात आणि धडधाकट माशांनाही विनाकारण औषध मिळतं.

मासा एकच कल्ला हलवत असेल, दुसरा घट्ट मिटलेला असेल आणि तो फिल्टरला अंग घासत असेल, तर कल्ल्यातले कृमी डोक्यात आणा. तिथे मेट्रोनिडाझोल उपयोगाचं नाही, प्राझिक्वांटेल हे कृमींवरचं औषध लागतं, लिटरला सुमारे 2 मिलिग्रॅम. कल्ल्यातले हे कृमी अंडी घालतात आणि औषध अंड्यांना मारत नाही, म्हणून काही दिवसांनी दुसरा डोस द्यावाच लागतो. पहिल्या डोसनंतर मासा टवटवीत दिसतो आणि लोक तिथेच थांबतात.

आता पाणी. डिस्कस मूळचा ॲमेझॉनच्या खोऱ्यातला, मऊ आणि आम्लधर्मी पाण्यातला. आमच्या बोअरचं पाणी जड, पीएच 8च्या आसपास. मोठा मासा त्यालाही सरावतो, पण परगावाहून पिशवीतून आलेल्या माशाचं तसं नाही. पिशवीत कार्बन डायऑक्साइड साठून पीएच उतरलेला असतो, म्हणून साचलेला अमोनिया फारसा बाधत नाही. 30 अंशांवर पीएच 7 असेल तर त्यातला एक टक्काही विषारी रूपात नसतो. पीएच 8 झाला की तोच वाटा सात टक्क्यांच्या वर जातो. त्यामुळे पिशवी उघडून त्यात तासभर बोअरचं पाणी थेंबथेंब सोडणं ही आपल्याकडे धोक्याची गोष्ट. मी आरओचं पाणी मिसळून पीएच आधीच खाली आणून ठेवतो, पिशवी बंदच तरंगवून तापमान जुळवतो आणि मासा लगेच उचलून टाकीत घेतो. पिशवीतलं पाणी मोरीत. नळाचं पाणी वापरणार असाल तर ते ड्रममध्ये एअर स्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) लावून ठेवा, म्हणजे क्लोरीन उडून जातो. नाहीतरी नळ रोज कुठे येतो!

हिटरचा अनुभव इकडच्या हवामानासारखाच टोकाचा. जानेवारीत पारा दहाच्या खाली उतरतो तेव्हा 100 वॅट जेमतेम पुरतात, आणि लाईट गेली की छोट्या टाकीचं पाणी झपाट्याने गार होतं. टाकीवर गोधडी टाकायची आणि बॅटरीवरचा एअर पंप हाताशी ठेवायचा. एप्रिल-मेमध्ये उलट. उपचारासाठी पाणी 32-33 अंशांवर न्यायला सांगतात, ते काम खान्देश फुकट करतो. मग अडचण ऑक्सिजनची, कारण गरम पाण्यात तो कमी विरघळतो. एअर स्टोन दोन लावा. पाण्याच्या पृष्ठभागावर छोटा पंखा सोडला तर कोरड्या हवेमुळे तापमान चांगलं उतरतं. वाफ होऊन गेलेल्या पाण्याच्या जागी आरओचंच पाणी घाला, नाहीतर क्षार वाढत जातात. पावसाळ्यात ही युक्ती चालत नाही, पण तेव्हा तिची गरजही नसते. गच्चीवरच्या काळ्या टाकीचं पाणी मेच्या दुपारी वापरू नका, बदल पहाटे करा.

बादली, जाळी आणि सायफनची नळी या टाकीची वेगळीच हवी. जादा स्पंज मोठ्या टाकीत कायम ठेवा, म्हणजे नवीन मासा येईल त्या दिवशी पाणी स्वच्छ ठेवणारे जिवाणू बसलेला फिल्टर तयार मिळतो. मुदत संपल्यावर एक जुना मासा नव्यांसोबत सोडून आठवडा-दोन आठवडे बघायचं. नवीन मासे बाहेरून निरोगी दिसूनही रोग बाळगून असू शकतात आणि दणका जुन्यांना बसतो. कोणता जुना मासा सोडायचा हे ठरवताना जीवावर येतं, पण सगळी टाकी पणाला लावण्यापेक्षा बरं.

तक्रार दोनच. एअर पंपाची घरघर रात्री झोपायच्या खोलीपर्यंत येते; खाली फोम ठेवूनही पूर्ण जात नाही. आणि दोन फुटी टाकीतलं पाणी फार लवकर बिघडतं, त्यामुळे रोजच्या पाणीबदलातून सुटका नाही. पुन्हा घ्यायची झाली तर तीन फुटी घेईन. मग गोळ्यांचा हिशोब नव्याने करावा लागेल आणि 100 वॅटचा हिटर पुरणार नाही.